आमचं आदर्श घरकुल

सरकारनं आमचं घर दोनदा तपासलं. पहिल्यांदा ते फार चांगलं निघालं, दुसऱ्यांदा फार वाईट. दोन्ही वेळी घर तेच होतं. मधल्या काळात त्याला फक्त माझी हुशारी लागली होती.

घर साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या गावात. (गावाचं नाव सांगत नाही. तिथं नगरपालिका एकच आहे आणि तिची नोटीस अजून आमच्या दारावर आहे.) भिंती मातीच्या, वर मंगलोरी कौलं. गावातल्या वानरांना आमचं छप्पर म्हणजे हमरस्ता वाटतो. टोळी गेली की कौलं फुटायची आणि तुकडे थेट आईच्या परातीत. पिठातून खापऱ्या वेचता वेचता तिचा जन्म गेला. तिला दागिना नको होता, देवदर्शनाची सहल नको होती, स्वयंपाकघरावर स्लॅब पाहिजे होता. "एकदा निवांत भाकरी थापू द्या रं मला," एवढंच तिचं मागणं. गरिबाला पक्कं घर देणाऱ्या योजनेच्या यादीत आमचं नाव आलं तेव्हा तिनं देवापुढं साखर ठेवली. मग निरोप आला की साहेब कच्चं घर बघायला येणार आहेत, आणि तिथूनच आमच्या घराण्याचा शहाणपणा सुरू झाला.

माझे वडील, म्हणजे नाना, सैन्यातून नाईक म्हणून निवृत्त झालेले. साहेब बघायला येणार म्हटल्यावर त्यांना एकच गोष्ट कळते: इन्स्पेक्शन. त्यांनी भिंतींना चुना मारला, खाली गेरूचा सरळ पट्टा ओढला, फुटकी कौलं बदलली. दारातल्या शेवग्याचा बुंधासुद्धा सुटला नाही. आईची तऱ्हा वेगळी. मुलगी बघायला पाहुणे येणार असले की शेजारचा सोफा आणायची आमच्याकडे रीत आहे. तिनं समोरच्यांचा सोफा, कपबश्या आणि भिंतीवरचं घड्याळसुद्धा आणलं.

"अगं, आपल्याला गरिबी दाखवायचीय," मी म्हणालो.

"आलेल्या मानसाला गरिबी दावत्यात व्हय?" आई म्हणाली. "लोक तोंडात श्यान घालतील."

"सुद्या, आडवा येऊ नगं," नाना म्हणाले. "साहेब हाय, कडक दिसलं पायजे."

साहेब आले. वय माझ्या निम्मं, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मोबाइल. नाना इस्त्रीच्या पँटमध्ये दारापुढं सावधान उभे राहिले आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला. साहेबांनी तसाच फोटो काढला, सोफ्यावर बसून पोहे खाल्ले आणि म्हणाले, "आजोबा, घर तर झकास आहे की. तुम्हाला घरकुल कशाला पाहिजे?"

"थँक्यू सर," नाना म्हणाले.

यादीतून नाव उडालं. चुन्याच्या आत विटा आहेत की माती, हे नखानं टोकरून बघायची तसदी साहेबांनी घेतली नाही. वर बसलेल्यांनी गरिबाला घर द्यायची योजना काढली, पण गरीब ओळखायचं काम मोबाइलच्या कॅमेऱ्यावर सोपवलं. दुसऱ्या दिवशी टोळी आली आणि आई पुन्हा परातीतून खापऱ्या वेचत बसली. ते मला बघवेना.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर आहे, म्हणजे घरातला सुशिक्षित माणूस. मी फेरतपासणीचा अर्ज दिला आणि कारभार हातात घेतला. स्वयंपाकघरावरची कौलं उतरवली, कुदळीनं दर्शनी भिंत टवके काढून सोलली, वाशाला फाटकं पोतं लटकवलं, कोपऱ्याला एक बांबू तिरका टेकू म्हणून लावला. (त्याची काही गरज नव्हती, पण फोटोत चांगला दिसतो.) खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

"लेका, ह्ये आपलंच घर हाय न्हवं?" नानांनी विचारलं.

"नाना, साहेबांना पुरावा लागतो. कौलं काय, परत चढवू."

उतरवलेली कौलं मी परसात अगदी नीट रचून ठेवली होती. संध्याकाळी वानरं आली. छपराचा हमरस्ता मधेच खचलेला बघून त्यांनी मुक्काम त्या ढिगावर हलवला. सकाळी परसात एकही कौल धड उरलं नव्हतं.

फेरतपासणीच्या दिवशी आधी दोन माणसं आली. ती योजनेची नव्हती. नगरपालिकेची शहर सुंदर करायची मोहीम चालू होती, त्यात पडक्या इमारती हुडकणारी ती माणसं. त्यांनी एकमेकांकडे समाधानानं बघितलं आणि दारावर नोटीस डकवली: इमारत धोकादायक आहे, वापर थांबवावा, मालकानं स्वखर्चानं उतरवून घ्यावी.

"आवं, ह्ये मुद्दाम केलंय," मी म्हणालो. (घाबरलो की माझं शिक्षण पहिलं पळतं.)

"मुद्दाम?" त्यातला थोराड माणूस म्हणाला. "सोताचं घर मुद्दाम कोन पाडंल?"

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

दुपारी योजनेचे साहेब आले, तेच चष्मेवाले. त्यांनी टेकूचा बांबू बघितला, नोटीस वाचली. "इथं राहायला बंदी आहे. म्हणजे इथं कोणी राहत नाही. न राहणाऱ्याला घरकुल देता येत नाही."

"मग हे पाडून टाकतो."

"पाडल्यावर कच्चं घर कुठं दाखवणार?" मग भिंतीकडे बघत ते हळहळले. "मागच्या वेळी काय झकास ठेवलं होतं हो. वाट लावलीत."

नगरपालिकेच्या एकाच इमारतीत शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन टेबलांनी मिळून आम्हाला बेघर केलं होतं, आणि मधे कुदळ माझी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही नगरपालिकेत गेलो. फाटकातच भलाथोरला फ्लेक्स लावलेला होता. योजनेचा कसलासा समारंभ होता. फ्लेक्सवर डाव्या बाजूला 'आधी' म्हणून कुणाची तरी झोपडी, उजव्या बाजूला 'नंतर' म्हणून चुना मारलेलं, गेरूचा पट्टा ओढलेलं आमचं घर. दारापुढं नाना सलाम ठोकून उभे. खाली लिहिलं होतं, 'आदर्श लाभार्थी'.

मी आतल्या कारकुनाला ओढून बाहेर आणलं. "हे आमचं घर आहे."

"अभिनंदन."

"अहो, आम्हाला घरकुल मिळालंच नाही."

"मिळालंय की. फोटो हाय न्हवं." तो जायला वळला. "आन् एकदा मिळाल्याव परत मिळत न्हाई."

मी चिडून काहीबाही बोलत राहिलो. नाना अस्वस्थ होऊन पट्टा सरळ आलाय का ते बघत होते. आई मात्र फ्लेक्सपुढं बराच वेळ उभी राहिली. मग तिनं कारकुनाला अगदी साधेपणानं विचारलं, "मग ह्या घरात ऱ्हायला कवा जायाचं?"

तो आत निघून गेला.

समारंभ संपल्यावर फ्लेक्स उतरवून पायऱ्यांवर टाकला होता. आईनं शिपायाला मागितला. तो म्हणाला, "न्या की मावशी, जागाच अडतीय." नानांनी आणि मी तो स्वयंपाकघरावर ताणून बांधला. छापलेली बाजू आईनं आत घ्यायला लावली. बाहेर ठेवली तर उन्हानं रंग उडेल म्हणाली. नोटीस दारावर तशीच आहे. घर पाडायला कुणी आलेलं नाही, बहुधा माझं काम त्यांना पुरेसं वाटलं असावं.

आता वरून वानरं जातात तेव्हा नुसतं धप्प वाजतं. परातीत खापरी पडत नाही. आई भाकरी थापता थापता वर बघते आणि रोज मला ऐकवते, "तुज्या बापानं रंगवल्यालं वर टांगलंय, आन् तू पाडल्याल्यात आपुन ऱ्हातोय."

मी खाली मान घालून जेवतो. मान वर करायची सोय नाही. वर नाना सलाम ठोकून माझ्याकडेच बघत असतात.