सांडलेला प्रसाद

बायकोला अग्नी देऊन घरी आलो, तर भावकीतला एक जण जवळ येऊन बसला. म्हणाला, "तात्या, घोटभर घ्या. दुःख उतरतं." म्हटलं, "उतरवायला सांगितलंय कुणी? राहू दे माझ्यापाशी." त्याला राग आला. येऊ दे. ती बाई काय होती हे त्याला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

लढाईत मी इंग्रजांच्या फौजेतून ब्रह्मदेशात खेचरं हाकायला होतो. जंगलात शत्रूला ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून त्या मुक्या जनावरांच्या घशातला आवाजच कापून टाकायचे. माझं खेचर दारूगोळ्यासकट दरीत गेलं. खाली पडून तोंड उघडत होतं, आवाज नाही. मेलेली माणसंही पाहिली, पण गावी, वेल्ह्याकडं परत आल्यावर डोळ्यांपुढं यायचं ते तेच तोंड. प्यालो की मिटायचं. मग मी ते रोज मिटवायला लागलो. घरातली भांडी गेली, तिच्या पायातली जोडवी गेली.

गाव म्हणालं, ह्याला परमुलखातलं भूत लागलंय. भगताकडं नेलं. त्यानं डोंगराखालच्या देवापुढं कोंबडं कापलं, घोटभर दारू दगडावर ओतली आणि उरलेली बाटली माझ्यापुढं धरली. "प्रसाद हाय. भुताला पाजलं की त्ये जातंय निघून."

आमच्या देवाला दारू चालते, आणि देवाचं कुणी नाकारत नाही. मी तर हात पुढं केलाच होता. बायको मध्ये आली.

"भगतमामा, भूत बर्म्याचं म्हंता, मग त्याला तुमची भाषा कशी कळती?"

"गप ए! देवाचं काम हाय."

"देवानं त्याचं प्यावं. ह्यांचं म्या बघते." आणि बाटली गवतात उपडी केली.

"तुजं शेत पिकायचं न्हाई!" भगत ओरडला.

पिकू नये याची तजवीज गावानंच केली. आमच्याकडं भातलावणी सावडीनं होते. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. त्या साली आमच्या खाचरात कुणी पाय घातला नाही. रोपं उंच होऊन पिवळी पडायला लागली. माझे चुलते बांधावर आले.

"सूनबाई, एक कोंबडं, एक बाटली. माफी माग, उद्या समदं गाव उतरंल."

"कोंबडं देते, मामंजी. बाटली न्हाई."

"मग काय ह्यो दारुडा लावणी करनार?"

"व्हय. हेच करतील."

माझ्या हातात रोपांची मूठ ठरेना. ती मागं न बघता म्हणायची, "थरथरू द्या हात. रोप चिखलात लावायचंय, कागदावर न्हाई." दुपारी ढग तोफेसारखे गडगडले तसा मी चिखलात पालथा झालो. ती शेजारी येऊन बसली, उठवलं नाही. गडगडाट थांबल्यावर म्हणाली, "झालं? धरा मूठ."

लावणी उशिरा संपली. चुलते म्हणाले, "असलं वाकडं भात जन्मात बघितलं न्हाई."

"शिजल्यावर कुनाला कळतंय, मामंजी?"

भात आलं. गावापेक्षा कमी, पण आलं. नंतर कधी प्यालोच नाही असं म्हणणार नाही, पडलो, उठलो. ते तोंड अजून दिसतं. पुढच्या साली सावडीचं बोलावणं आलं, तेव्हा ती सगळ्या बायांच्या आधी दुसऱ्याच्या खाचरात उतरली. सांडलेल्या प्रसादाची माफी तेवढी मागितली नाही. तिच्या माघारी मीही मागणार नाही.