मोहोर विमानाने जाळला म्हणे

माझा नातू, मुलीचा मुलगा, विमान चालवतो. गेल्या पौषात जोडीदार वैमानिकाला घेऊन दोन दिवस राहायला आला आणि घरात आग लावून गेला.

माझ्या नि दिराच्या रत्नागिरीतल्या सामाईक आंबाबागेतला बराचसा मोहोर तेव्हा करपला होता. दीर आभाळाकडे बोट दाखवायचा. विमानामागे पांढरी रेघ उठते ते म्हणे विष, वरून मुद्दाम फवारतात. मोबाईलवर बघितलं होतं त्याने. ती वाफ असते, वरच्या थंडीत गोठते, हे नातवाने मला नीट सांगितलं होतं. दिराला मात्र सांगितलं नाही. ओटीवर दिरासमोर चहा पिताना दोघा वैमानिकांना मस्ती चढली.

"काल रत्नागिरीवर कुठला नळ सोडलास रे?" नातवाने जोडीदाराला विचारलं.

"डावा. देवगडवाल्यांनी सांगितलं होतं ना, आमचा आंबा आधी बाजारात जाऊ दे म्हणून."

दोघे खिदळले. दीर चहा तसाच टाकून उठला.

"वहिनी, ऐकलंत? सोत्ता कबूल केलंन!"

"भावोजी, थट्टा करतायत ते."

"करू देत. देवळात बघतो मी."

नातू मुंबईला गेला. चार दिवसांनी कळलं, दीर ग्रामदेवतेपुढे त्याच्या नावाने गाऱ्हाणं घालणार. गुरव बोलतो आणि गाव "होय महाराजा" म्हणतो. एकदा म्हटलं की तो माणूस गावाचा दोषी झाला. शिमग्यात त्या पोराला पालखीला खांदा कोण लावू देणार?

खरी गोष्ट मला ठाऊक होती. दिराने दोन औषधं एकाच पिंपात ओतली, वर गंधक टाकलं आणि भर उन्हात फवारलं. मी तेव्हाच बोलले होते. "बायकांनी यात पडू नये," म्हणाला.

गाऱ्हाण्याच्या दिवशी औषधांचे रिकामे डबे घेऊन मी देवळात गेले आणि गुरवापुढे ठेवले.

"हेही सांग देवाला. पिंपात कोणी ओतलं तेही सांग."

"खोटं बोलते ती!" दीर ओरडला.

"मग बागेत चला सगळे."

पाच-सहाजण आले, डबे उचलून गुरवही आला. कुंपणाकडच्या चार कलमांपर्यंत पंपाची नळी पोचत नाही. त्यांचा मोहोर शाबूत होता.

"आभाळ काय या चार झाडांवर नव्हतं?" मी विचारलं. गुरव डबे तिथेच टाकून परत गेला. देवापुढे नातवाचं नाव काही घेतलं गेलं नाही.

दीर माझ्याशी बोलत नाही. नसू दे बोलत, कानाला आराम आहे.

नातवाला फोन करून सगळं सांगितलं. तो हसायला लागला. "म्हणजे सुटलो ना, आजी?"

"सुटलास. पण यंदा शिमग्याला येऊ नको."

"का? मी काय केलं?"

"म्हातारा मूर्ख आहे, त्याला कळत नाही. तुला कळत होतं," म्हटलं आणि फोन ठेवला.