सपाट राहिलेला चेंडू

तायडे गुरुजींची आणि माझी पहिली भेट अकोल्याच्या शाळेत, पाचवीच्या वर्गात झाली. गणिताचे गुरुजी म्हणजे छडी, एवढंच मला ठाऊक. हे गुरुजी तर टेबलावर जुनी कॅलेंडरं फाडत बसलेले. मी दारातच थबकलो. "ये, बस," ते म्हणाले. "हा कागद घे. कात्री नाही, डिंक नाही. तिकोन करून दाखव."

मी सातवीपुढे शिकलो नाही. एका जागी बसणं माझ्या स्वभावात नाही. आज भिलाईला पत्रे कापतो. पण गुरुजींच्या शनिवारच्या तासाला मी बसत असे.

त्या तासाला प्रत्येकानं तिकोनी घड्या करायच्या. घडीच्या कडेला कागदाची जीभ किंवा खिसा असायचा. एकाची जीभ दुसऱ्याच्या खिशात सारायची. एका टोकाभोवती पाच घड्या आल्या, की कागद आपोआप वर उचलला जायचा. तसंच जोडत गेलं की चेंडू तयार. "डिंकानं काहीबी चिटकते," गुरुजी म्हणत. "मंग समजन कसं?" सुट्टीच्या दिवशी ते अडत दुकानांतून मागच्या वर्षीची कॅलेंडरं मागून आणीत. ज्यांच्या घरी कागद नव्हता, त्यांना तो कधी मागावा लागला नाही.

हेडमास्तरांना हा तास पसंत नव्हता. "डिप्टीसाहेब तपासणीला येऊन राहिले," ते आमच्यासमोरच म्हणाले. "त्यांना नाही आवडलं, तर हा खेळ बंद." गुरुजींनी नुसती मान हलवली.

साहेब आले. चेंडू हातात घेऊन म्हणाले, "यात गणित कुठं आहे?" आणि स्वतःच सुट्या घड्या जोडू लागले. एका टोकाभोवती भराभर सहा बसवल्या. कागद सपाटच राहिला.

मागच्या बाकावरचा गजानन पुटपुटला, "साहेबानं त भाकर थापली."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. साहेबांची चूक साहेबांना सांगणार कोण? गुरुजी मात्र वाकून पाहत होते, जणू त्यांनाही ते नवीनच होतं.

"साहेब, हे सपाट काहून बसलं, पोरांले विचारू का?"

"विचारा."

"सहा झाले न गुरुजी," मी म्हणालो. "जागाच नाही उरली. उचलाले थोडी सांद लागते."

साहेबांनी एक घडी काढली, कडा ओढून जुळवल्या. कागद मधून वर उठला. आणखी एक काढली, तर टोक जास्तच उंच झालं. मग त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला.

"आणि सात लावल्या तर?"

"मलेही माहीत नाही," गुरुजी म्हणाले. "लावून पाहू."

सातवी बसवायला दोघांचेही हात लागले. कागद कोबीच्या पानासारखा मुडपला. साहेब तो बराच वेळ उलटसुलट करत राहिले. निघताना हेडमास्तरांना म्हणाले, "हा तास शनिवारी नको."

गजाननानं आपला चेंडू दप्तरात लपवला.

"शनिवारी शाळा लवकर सुटते, वेळ पुरत नाही. सोमवारी पहिला ठेवा," साहेब पुढं म्हणाले.

आपल्याला माहीत नाही, असं साहेबांसमोर सांगणारे गुरुजी मी तेवढेच पाहिले. आता ते साठ वर्षांचे झाले. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, बोटं अशीच चालती राहोत, आणि त्यांनाही उत्तर माहीत नाही असं काहीतरी रोज त्यांच्या टेबलावर येत राहो.