कुठे बसवू?

माझे सासरे डोंबिवलीत लग्नपत्रिका छापतात. संगणकातलं काहीही ते सी ड्राइव्हवर ठेवत नाहीत. "सी म्हणजे भाड्याची खोली," ते म्हणतात. "विंडोज बिघडलं की आधी तीच रिकामी करायची. डी हे आपलं घर." त्या घरातल्या पहिल्या फोल्डरचं नाव '॥ श्री ॥'. त्याशिवाय त्यांचा माउस पुढे सरकत नाही.

लग्नपत्रिकेचा मजकूर मांडायचं एक सॉफ्टवेअर मी ठाण्यात वर्तकनगरला, घरच्या लिनक्सवर लिहिलं. लिनक्सवर सी आणि डीची भानगड नाही, सगळं एकाच मुळाखाली. हे ऐकून सासरे म्हणाले, "म्हणजे चाळ." तरी मोठ्या मनानं त्यांनी ठरवलं, की धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका जावयाच्याच सॉफ्टवेअरवर करायची. मेहुणी मात्र घुश्श्यात होती. हॉल कुठे हवा, असं तिला रीतसर विचारलं, ती ठाणं म्हणाली, आणि बाबांनी कल्याणचा पक्का करायचं ठरवलं.

रविवारी मी सॉफ्टवेअर घेऊन त्यांच्याकडे गेलो. इन्स्टॉल करताना ते अदबीनं विचारतं, 'कुठे बसवू?' सासऱ्यांनी डी निवडला, त्यात आपला लाडका फोल्डर. पत्रिका उघडायला गेलो तर पडद्यावर आलं, सी ड्राइव्हवर फॉन्ट सापडले नाहीत.

"जावईबापू, मी सांगितलं कुठे आणि हे शोधतंय कुठे?"

खरंच होतं. विंडोजसाठी म्हणून सीचा पत्ता मीच प्रोग्रॅममध्ये पक्का लिहिला होता. प्रश्न विचारायचा तो निव्वळ शिष्टाचार. मी लॅपटॉप उघडला आणि प्रोग्रॅमला शिकवलं, बाबा रे, तुला जिथे बसवलंय तिथूनच शोध. पुन्हा इन्स्टॉल केलं. आता पत्त्यात डी आला, पण श्रीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. माझ्या प्रोग्रॅमला देवनागरी नावं वाचताच येत नव्हती.

"देवावरच प्रश्नचिन्ह?" सासरे म्हणाले.

"बाबा, फोल्डरला इंग्रजी नाव देऊ या ना. दोन मिनिटांचं काम."

"शुभकार्यात श्री हलवू? आधी विचारायचं आणि मग आपलंच खरं करायचं, तर माणसानं विचारावं कशाला?"

मला राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जरा जास्तच आला. जेवायचं ताट तसंच ठेवून मी तोही घोळ निस्तरला. मग पत्रिका उघडली, फॉन्ट जागच्या जागी, वर ठसठशीत '॥ श्री ॥'. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी मनातल्या मनात फेटाच बांधला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मेहुणी म्हणाली, "बाबा, मलाही विचारलं होतंत."

सासऱ्यांनी चष्मा पुसला, परत घातला. मग कर्सर स्थळाच्या ओळीवर नेला आणि कल्याण खोडलं.

"बोल," ते तिच्याकडे वळून म्हणाले. "वऱ्हाड कुठे बसवू?"