दोन डाव्या बाह्या

मास्तरांची जीभ कात्रीपेक्षा धारदार. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला माप घेता घेता म्हणायचे, "साहेब, मागच्या वर्षी एकटे आला होता, यंदा दोघं आलात." तरी गिऱ्हाईक तुटत नसे, कारण हात सोन्याचा. काजं, बटणं आणि हातशिलाई बायकोकडे.

अशा माणसाने एका कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या. कापड दुहेरी न घालता एकेरी अंथरलं आणि दुसऱ्या बाहीला कागदाचं माप उलटवायचं राहिलं. नवशिक्यासुद्धा यासाठी बोलणी खातो. बायकोने हसण्यावारी नेलं आणि उरलेल्या कापडातून उजवी बाही काढली. पुढच्या कोटालाही तेच झालं. मास्तरांना चूक दिसतच नव्हती, दाखवली तर चिडायचे. मग ती गप्प राहून उसवत बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! शेवटी ते दुकानाच्या पायरीवर कोसळले, तेव्हा ती मूठ उघडली.

हॉस्पिटलात मेंदूचे फोटो झाले, डोक्याला बारीक भोक पाडून आतला तुकडा तपासून झाला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. मेंदूच्या मधोमध गाठ होती. ती क्वचितच होते, आणि झाली तर बहुतेक लहान मुलांना.

"कापून टाका ना मग," मास्तर म्हणाले.

"गोळा असता तर काढला असता. ही चांगल्या भागात भिनलीय. तिला कापायचं तर तुम्हालाच कापावं लागेल."

"म्हणजे कापडात रंग उतरावा तशी."

"तशीच. किरणांनी काही महिने दाबून ठेवता येईल. हातात वेळ म्हणाल तर वर्षभर, फार तर थोडं जास्त."

 बायकोने विचारून टाकलं. "बाह्या चुकायला लागल्या तेव्हाच आणलं असतं तर? मीच झाकत बसले हो."

"तेव्हाही मी हेच सांगितलं असतं. ही गाठ लवकर सापडली तरी बरी होत नाही. तुमची काही चूक नाही."

बाहेर बाकावर मास्तरांनी तिचा हात धरला. "ऐकलंस ना? तुझी चूक नाही. आता पूस डोळे."

पण ती जास्तच रडायला लागली. चूक तिची असती, तर निदान एक दिवस असा होता की ते वाचले असते. तसा दिवस कधी नव्हताच.