रुपयातले दोन आणे पटाचे

अमरावतीकडे जायचंय, काय पाहू, असं कोणी विचारलं की लोक झटकन चिखलदरा सांगतात. सांगू देत. तिथे थंडी आहे, कॉफी आहे, फोटो छान येतात. मी मात्र आज अशा प्रवासाबद्दल लिहिणार आहे ज्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही. साठ सालानंतरची गोष्ट. नक्की वर्ष विचारू नका. लग्नाला वर्ष व्हायचं होतं, एवढं पक्कं आठवतं.

मी पुण्याची, कॅम्पातली. वडील रेसकोर्सवर तिकिटाच्या खिडकीत बसायचे. स्वतः कधी घोड्यावर पैसा लावला नाही, पण जेवताना नियम आम्हाला पाठ करून घ्यायचे. सगळ्यांचा पैसा एका ढिगात जातो. त्यातून आधी क्लबाचा आणि सरकारचा वाटा निघतो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात. "खिडकीतून आत गेलेला रुपया अख्खा बाहेर येत नाही," असं म्हणून ते ताक प्यायचे. एकच अपवाद होता. घोडा पळालाच नाही, तर त्याच्यावरचा पैसा अख्खा परत, आणि क्लबाला दमडी नाही. हे ज्ञान पुढे वऱ्हाडात कामाला येईल असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

लग्न होऊन अकोल्याला आले. मधुकर तिथे सरकारी कचेरीत कारकून. (तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी होती. आता कोण अडवतंय?) माघ लागायच्या सुमारास गावाकडचा एक माणूस बाजाराला आला आणि सासऱ्यांचा निरोप देऊन गेला, "पटात जोडी उतरवून राह्यलो, सुनेले घेऊन ये." पट म्हणजे शंकरपट, बैलांची शर्यत. मधुकर म्हणाला, "घोडे पाहिलेस, आता बैल पाहा." मी लगेच पेटी भरली.

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. मूर्तिजापूरला चहा, बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावती. आता मोटारीने हे अंतर दीड-दोन तासांत कापता येतं, तेव्हा अर्धा दिवस सहज जायचा. अमरावतीच्या स्टँडवर आलुबोंडा खाल्ला. सोबतच्या लाल तर्रीने माझ्या पुणेरी डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि विकणारा शांतपणे म्हणाला, "पह्यल्यांदा खाऊन राह्यल्या काय?" मग मोर्शीकडची एसटी. रिद्धपूरला जाणारे महानुभाव यात्रेकरू गाडीत होते, मांडीवर गाठोडी, हळू आवाजात बोलत. बाहेर संत्र्याच्या बागा. खिडकीशी बसाल तर धुळीने माखाल, आत बसाल तर गुदमराल. मी धूळ पत्करली.

फाट्यावर मामाजी बैलगाडी घेऊन उभे होते. मामाजी म्हणजे माझे सासरे. उंच, कमी बोलणारे, पांढरंशुभ्र धोतर. छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते आणि आल्या दिवशी घरातले देव नदीत सोडले होते. तीन-चार एकर शेती आणि शर्यतीचे दोन बैल. एकाचं नाव लाख्या, दुसऱ्याचं वकील. गोठ्यात वैरण टाकायला जरा उशीर झाला की हा वकील इतकं हंबरून भांडायचा की दुसरं नाव शोभलंच नसतं. रात्री आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तुरीच्या शेंगा उकडल्या, ज्वारीची भाकर आणि ठेचा वाढला. बैलांना मात्र उडदाचं पीठ आणि तूप. "आमच्यापेक्षा त्यायचं जेवण भारी," आत्याबाई म्हणाल्या, पण त्यात तक्रार नव्हती.

जेवताना मामाजींनी एक गोष्ट अगदी साधेपणाने सांगितली. पटात पळायच्या आधी प्रत्येक जोडीला महादेवाच्या देवळापुढे नेऊन गुलाल लावतात. दीक्षेनंतर ते पटात उतरले नव्हते. यंदा उतरणार होते, आणि गुलाल घेणार नव्हते.

"मग पळू देतील का?" मी विचारलं.

"पाहू," ते म्हणाले. मधुकरने भाकर तशीच ठेवली. सरकारी नोकरी नवी होती आणि मारामारीत नाव गेलं तर काय होतं ते त्याला ठाऊक होतं. मला त्या रात्री झोप लागली नाही. आम्ही नुसती शर्यत पाहायला नव्हतो निघालो, हे मला तिथे कळलं.

पटाच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या गावात आता माझ्या ओळखीची चांगली माणसं राहतात. सकाळी पोचलो तेव्हा माळावर जत्रा भरली होती. भज्यांच्या कढया, रेवड्या, बांगड्या. मधोमध दोन सरळ वाटा नांगरून, दगड वेचून तयार केलेल्या. एका वाटेवर एक जोडी, दुसऱ्या वाटेवर दुसरी, छकड्यावर हाकणारा धुरकरी. झेंडी पडली की सुटायचं. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपायचं. बायका गाड्यांमध्ये बसून बघायच्या. आत्याबाई आणि मी आमच्या गाडीत बसलो.

माझं लक्ष मात्र कडुनिंबाखाली होतं. तिथे पंच घोंगडीवर बसले होते आणि पुढे दोन फडकी पसरलेली, एक लाल, एक पांढरं. या वाटेवरच्या जोडीसाठी लाल, त्या वाटेवरच्यासाठी पांढरं. लोक येऊन आपापल्या फडक्यावर पैसे टाकत. नवे पैसे येऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बोलणं आण्यांतच. सगळा पैसा एक, रुपयातले दोन आणे पटाचे, बाकी जिंकणाऱ्या फडक्याला. पटाचा वाटा देवळाच्या नव्या छपरासाठी होता. पंचाने फडक्याची गाठ मारली की ना पैसा टाकता येणार, ना काढता येणार. वडिलांची खिडकी मला तिथे कडुनिंबाखाली भेटली, आणि क्षणभर मी माहेरी असल्यासारखी खूश झाले. हा जुगार कायद्यात बसत होता का, ते मात्र मला विचारू नका.

दुपारी मामाजींच्या जोडीची पाळी आली. समोर गावातल्याच मोठ्या घरची जोडी. मामाजींच्या जोड्यांची ख्याती जुनी असल्यामुळे आमच्या वाटेचं लाल फडकं बघता बघता भरलं. अमरावतीच्या एका कापसाच्या अडत्याने तर मूठभर नोटा टाकल्या. पंचांनी दोन्ही गाठी मारल्या. मामाजींनी बैल जुंपले. आणि तेव्हा मोठे पंच उठून मामाजींना म्हणाले, "रामभाऊ, जोडी देवळाकडं घे. गुलाल राह्यला."

"गुलाल नाई घेत मी."

माळावर बातमी कशी पसरत जाते ते मी त्या दिवशी पाहिलं. आधी जवळचे वळून पाहायला लागले, मग भज्यांच्या कढईपर्यंतचे.

"आधी तं घेत होता," पंच म्हणाले.

"आधी तुमी दुरून फेकत होते अन् मी झेलत होतो. आता झेलत नाई."

एक वयस्क पंच जरा समजुतीने पुढे आले. "गुलाल बैलाले लावून राह्यलो, बापा, तुले नाई. बैलाले कायचा धरम?"

"बैल माह्या घरचा हाय," मामाजी म्हणाले. कासरा त्यांनी हातातून सोडला नाही.

मोठ्या पंचांनी निकाल देऊन टाकला. गुलाल नाही तर पळणं नाही. जोडी उभी राहिली नाही म्हणजे हरली. पैसा पांढऱ्या फडक्याचा. समोरच्या जोडीची पोरं काठ्या घेऊन वाटेवर आली. मधुकर गर्दीतून वाट काढत वडिलांपाशी गेला आणि काहीतरी बोलला. पुढे सांगितलं त्याने, "बाबा, घरी चला" असंच म्हणाला होता. मामाजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आमची गाडी गर्दीच्या अगदी मधे होती आणि बैल सोडलेले. पळायचं म्हटलं असतं तरी पळता आलं नसतं. मी आयुष्यात इतकी भ्याले नव्हते, आणि भीतीत माझ्या तोंडून वडिलांचं वाक्य निघालं.

"आत्याबाई, पुण्यात घोडा पळाला नाही तर पैसे परत देतात. सगळे. क्लबाला त्यातलं काही मिळत नाही."

"काहीच नाई?"

"काही नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि गाडीत उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज शेतातून घरापर्यंत पोचणारा. "आयका," त्या म्हणाल्या, "ज्यायनं आमच्या जोडीवर पैसा लावला, त्यायनं आपापला पैसा परत मांगा. अख्खा. आमचे बैल उभे हायेत. आमी नाई म्हणून नाई राह्यलो, तुमचे पंच नाई म्हणून राह्यले. पळाले नाई तं पटाचे दोन आणे कायचे?"

कोणी बाई पटात बोलली याचाच लोकांना धक्का बसला असावा, कारण कोणी अडवलं नाही. मग लाल फडक्यावर पैसे टाकणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. अडत्या पुढे आला. तो आमचा कोणी नव्हता. आमचं पाणी तो प्यायला असता की नाही, देव जाणे. पण नोटा त्याच्या होत्या.

"गुलालाचं गाठ मारायच्या आधी काहून नाई सांगतलं?" त्याने पंचांना विचारलं. "मग पळवा, नाई तं गाठ सोडा. दुसरी बात नाई."

"सोडा गाठ," मागून कोणीतरी ओरडलं. मग बरेच जण. लाल फडकं दिवसभरातलं सगळ्यात मोठं होतं. गाठ सोडली असती तर छपराचे कितीतरी पत्रे तिथल्या तिथे उडाले असते, आणि ते पंचांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं. पाच डोकी एकत्र आली. काठीवाली पोरं पंचांकडे बघत होती, पंच फडक्याकडे. ऊन माझ्या मानेवर होतं आणि आत्याबाई अजून उभ्याच होत्या.

शेवटी मोठे पंच वर न बघता म्हणाले, "चालू द्या. गुलाल मागून लावू."

"मागून बी नाई," मामाजी म्हणाले.

मला वाटलं, आता झालं. कशाला बोललात, असंही मनात आलं, खोटं कशाला सांगू? पण पंचांनी हात झटकला. "पळव, बापा."

झेंडी पडली. लाख्या-वकील असे सुटले की छकडा जमिनीला टेकलेला दिसेना. निम्म्या वाटेपर्यंत पुढे होते. मग वकिलाने, त्याच्या स्वभावाला शोभेल असं, शेजारच्या बैलाकडे मान वळवून पाहिलं. तेवढंच. नुसत्या मानेच्या अंतराने हरलो.

खरी धास्ती मला तेव्हा वाटली. ज्यांनी आमच्यासाठी आरडाओरडा केला त्यांचे पैसे आम्ही आत्ताच घालवले होते. अडत्या मामाजींकडे चालत गेला. मधुकर मधे येऊन उभा राहिला. या वेळी घरी चला म्हणाला नाही, नुसता उभा राहिला. अडत्याने वकिलाच्या पाठीवर थाप मारली. "लई पाह्यतो हा इकडं तिकडं," तो म्हणाला. "पुढच्या साली डोळ्याले झापड बांधा." आणि भजी खायला निघून गेला.

संध्याकाळी गाडी जुंपून परत निघालो. गाव दिसायला लागल्यावर मामाजी हसायला लागले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"हरले अन् हसून काहून राह्यले?" आत्याबाईंनी विचारलं.

"पळून हरलो," ते म्हणाले. मग आणखी हसले. "अन् त्यायच्या छपराचे दोन-चार पत्रे आपल्या बैलायनं टाकले."

दुसऱ्या दिवशी आम्ही संत्र्यांची टोपली घेऊन अकोल्याला परतलो. बडनेऱ्याला गाडीची वाट बघताना मधुकरने एक संत्रं सोलून मला दिलं आणि म्हणाला, "मी घाबरलो होतो." म्हटलं, मीही. त्यानंतर मामाजी दरसाल पटात उतरले. गुलालाचं कोणी विचारलं नाही. पंच गाठ मारायच्या आधी फक्त त्यांच्याकडे एकदा बघून घ्यायचे, असं आत्याबाई सांगायच्या.

जाणाऱ्यांसाठी सांगते. मधे बरीच वर्षं बंद असलेले पट आता नियम पाळून पुन्हा भरतात. थंडीच्या अखेरीला जा, टोपी आणि पाणी घ्या, तर्री जपून खा. पैसे लावू नका. लावलेच तर वाटा किती आणि गाठ कधी, हे आधी विचारा.

मागच्या वर्षी नातीला घेऊन मी त्या पटाच्या गावाला गेले होते. देऊळ आहे, छप्परही तेच, गंजलेलं. तिथल्या माणसांनी अगत्याने आत बोलावलं. मी आत गेले नाही, पण छपराच्या सावलीत चांगली ऐसपैस बसले, पाणी मागून प्याले, आणि ऊन उतरेपर्यंत उठले नाही. अकोल्याला परत आल्यावर नातीने विचारलं, "आजी, देवळात जायचं नव्हतं तर एवढा वेळ तिथे बसलीस कशाला?"

मी म्हटलं, "आपल्याच पत्र्याखाली बसले होते."