नटीची खोली

नातीने नाटकाचा रंग उतरवायला गालांना खोबरेल चोळलं आणि त्या वासाने मला नागपुरातल्या आमच्या कलावंतांच्या चाळीत नेलं. तिथल्या स्वस्त खोल्या फक्त काम चालू असलेल्या कलावंतांना मिळत. मी नटी, पण बाळंतपणानंतर मला कोणी बोलवेना. एक दिवस चाळीचे साहेब, कोणाचं काम चालू आहे ते तपासायला आले.

"बाई, करून दाखवा काही."

एकही संवाद आठवेना. शेवटी त्यांचे पायच धरले. "लेकराले घेऊन कुठं जाऊ जी? नका काढू मले."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा, अशी नटी कशी काढू?"

त्या माणसाने माझं एक अक्षर ऐकलं नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मी शहाणी, डोळे न पुसताच, प्रेक्षकांपुढे वाकावं तशी वाकले.

शेजारच्या चित्रकार शांताने विचारलं, "कोणत्या नाटकातलं वं हे?"

मी ऐटीत एक नाव ठोकून दिलं.